ठराव झाला, पाणी कुठे आहे? अपंगांसाठीच्या डिजिटल सुगम्यतेचा इतिहास आणि आपली चळवळ



गेल्या भीमजयंतीच्या आधी आमच्या वस्तीतल्या अभ्यासवर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नुसता ओसंडून वाहत होता. रोज नवे बॅनर, नवी पोस्टर्स, बाबासाहेबांचे विचार सुंदर अक्षरांत लिहिलेली निळी चित्रे. मीही त्यात मागे नव्हते. अशात वर्गाला नियमित येणाऱ्या एका मुलाने मला बाजूला घेतले. तो पूर्ण अंध आहे, पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि फोन स्वतः वापरतो. म्हणाला, "ताई, तुमच्या ग्रुपवर मला दिवसभर एकच शब्द ऐकू येतो. फोटो, फोटो, फोटो. बाबासाहेब काय म्हणाले ते शेवटपर्यंत कळत नाही."

मी समाजशास्त्रात एमए केले आहे. 'बहिष्करण' या संकल्पनेवर पानेच्या पाने लिहिली आहेत. आणि माझ्याच हाताने बनवलेल्या पोस्टरने माझ्याच वर्गातल्या एका भीमसैनिकाला बाहेर ठेवले होते. कोणी त्याला 'येऊ नको' म्हटले नव्हते, उलट ग्रुपमध्ये आम्हीच त्याला घेतले होते. दार उघडे होते, पण आत त्याच्यासाठी काहीच नव्हते.

हा लेख त्या दिवसानंतर जे वाचले, शिकले आणि पडताळले त्यातून लिहिते आहे. डिजिटल सुगम्यता, म्हणजे संगणक, मोबाइल आणि इंटरनेटवरचा मजकूर अपंग व्यक्तींनाही वापरता येईल असा बनवणे, हा 'टेक्निकल' लोकांचा विषय आहे असे आपण समजतो. माझे म्हणणे असे आहे की हा आपला विषय आहे, आणि त्याचा इतिहास आपल्याला ओळखीचा वाटावा असा आहे.

महाडचा धडा

सुरुवात महाडपासून करते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव. त्यानुसार १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात तीन वर्षे त्या तळ्याच्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागला नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा तो ठराव खरा झाला. त्यानंतरही हल्ले झाले, कोर्टकचेरी झाली आणि उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले.

यातून आपण काय शिकलो? हक्क जाहीर होणे वेगळे आणि हक्क वापरता येणे वेगळे. ठरावाच्या कागदाने तहान भागत नाही. ही कसोटी आपण शंभर वर्षे सरकारला, गावाला, मंदिराला, विद्यापीठाला लावत आलो आहोत. आता तीच स्वतःच्या वेबसाइटला आणि ग्रुपला लावायची आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. जात आणि अपंगत्व एक नव्हे. जातीच्या मुळाशी धर्माने मान्यता दिलेली श्रेणीबद्ध विषमता आहे. ती जाणूनबुजून रचली गेली. अपंगांसमोरचे अडथळे अनेकदा द्वेषातून नव्हे, विसरण्यातून उभे राहतात. पण ज्याला बाहेर राहावे लागते, त्याला या फरकाचा काय उपयोग? आणि एखाद्या माणसाचा 'विसर' पडतो, म्हणजे तो माणूस आपल्या 'आपण'मध्ये मोजलाच गेलेला नसतो.

अक्षर कोणाचे?

पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन आउई यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस अंधांसाठी शाळा काढली. तिथली पुस्तके नेहमीच्या रोमन अक्षरांचे उठाव कागदावर उमटवून केलेली होती. डोळस माणसाला वाचायला सोपी आणि बोटांना अवघड. शिवाय अंध विद्यार्थ्याला ती अक्षरे वाचता आली तरी स्वतः लिहिता येत नसत. म्हणजे ज्ञान घ्यायचे ते दुसऱ्याने दिले तेवढेच.

याच शाळेत खोगीर बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा लुई ब्रेल शिकत होता. जन्म १८०९ चा. वडिलांच्या कामाच्या जागी हत्यार लागून लहानपणीच त्याची दृष्टी गेली होती. शार्ल बार्बिए या माजी लष्करी अधिकाऱ्याने बनवलेली बारा ठिपक्यांची लेखनपद्धत त्याच्या हाती आली. ती बोटाच्या एका स्पर्शात मावत नव्हती. लुईने पौगंडावस्थेतच ती सहा ठिपक्यांवर आणली आणि १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. शाळेच्या डोळस व्यवस्थापनाने ती सहज स्वीकारली नाही. अधिकृत मान्यता मिळाली १८५४ मध्ये. लुई ब्रेल १८५२ मध्येच वारला होता.

कर्णबधिरांच्या बाबतीत याहून वाईट घडले. १८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरात बधिरांच्या शिक्षणावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. प्रतिनिधी जवळजवळ सगळे ऐकू येणारे. त्यांनी ठरवले की बधिर मुलांना खाणाखुणांच्या भाषेतून नव्हे, तोंडी बोलण्यातूनच शिकवावे. या निर्णयाने जगभरच्या शाळांतून सांकेतिक भाषा हद्दपार झाल्या. त्याबद्दल त्याच परिषदेच्या परंपरेने खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला. आपल्या देशात भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र सुरू व्हायला २०१५ साल लागले.

कोणाची भाषा शुद्ध, कोणी कसे वाचायचे, कोणी कसे बोलायचे, हे दुसऱ्यानेच ठरवायचे, हा अनुभव आपल्याला नवा आहे का? म्हणूनच अपंग हक्क चळवळीची जगभर गाजलेली घोषणा आपल्याला लगेच कळते: आमच्याविषयी काहीही आमच्याशिवाय नको.

संगणक आला, भिंत आली

संगणकाने अंधांसाठी मोठी आशा आणली होती. सुरुवातीच्या डॉस प्रणालीत पडद्यावर फक्त मजकूर असे. तो वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे स्क्रीन रीडर, त्या काळात चांगले काम करू लागले होते. मग विंडोजसारख्या चित्रमय प्रणाली आल्या. माउस, चिन्हे, चौकटी. डोळस माणसासाठी संगणक सोपा झाला आणि अंध माणसाच्या हातातला संगणक काही काळ मुका झाला. अंध माणसात काही बदल झाला नव्हता, बदलली होती रचना. अपंगत्व शरीरात किती आणि रचनेत किती, या प्रश्नाचे याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

विंडोजसाठीचा जॉज हा स्क्रीन रीडर १९९५ मध्ये आला. तो बनवणाऱ्या कंपनीचा संस्थापक टेड हेंटर स्वतः अंध होता. पण या सॉफ्टवेअरची किंमत आपल्या वस्तीतल्या मुलाने विचारही करू नये इतकी. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर लिहायला घेतला. जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. डोळस माणसाला संगणकाचा पडदा वेगळे पैसे न देता दिसतो, मग अंधाने तो ऐकण्यासाठी जास्त पैसे का मोजावेत, हा त्यामागचा विचार. एनव्हीडीए आजही मोफत आहे आणि मराठी वाचून दाखवणाऱ्या आवाजासह चालतो.

इकडे वेबचे नियमही तयार होत होते. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्टियमने १९९७ मध्ये सुगम्यतेसाठी स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि मे १९९९ मध्ये वेब मजकुराच्या सुगम्यतेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली. २००८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, २०१८ आणि २०२३ मध्ये तिच्यात भर पडली. त्यांचा गाभा चार गोष्टींचा आहे. मजकूर जाणवला पाहिजे, वापरता आला पाहिजे, समजला पाहिजे, आणि वेगवेगळ्या साधनांवर टिकला पाहिजे.

आता मराठीकडे या. देवनागरीला युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत जागा मिळाली होती. तरीही आपल्या छपाईच्या आणि डीटीपीच्या दुनियेत नंतरची कितीतरी वर्षे जुने फॉन्ट चालले, काही ठिकाणी आजही चालतात. त्यांची गंमत अशी की पडद्यावर दिसते 'समता', पण संगणकाच्या पोटात असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे, फक्त त्यांचा आकार देवनागरीसारखा काढलेला. डोळ्याला फसवता येते, स्क्रीन रीडरला नाही. तो इंग्रजी अक्षरांची अर्थहीन माळ वाचतो. आपल्या चळवळीच्या कितीतरी पुस्तिका, स्मरणिका, मासिकांचे विशेषांक अशा फॉन्टमध्ये टाइप झाले. जे उरले त्यांचे पानापानाचे फोटो काढून पीडीएफ झाले. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून वसंत मून यांच्या संपादनाखाली बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड काढायला सुरुवात केली, हे केवढे मोठे काम! पण त्या खंडांच्या ज्या पीडीएफ फायली आम्ही वर्षानुवर्षे एकमेकांना पाठवत आलो, त्यातल्या काही मी त्या मुलासोबत बसून उघडल्या. नुसते स्कॅन. स्क्रीन रीडर गप्प. 'शिका' हा आदेश आपण त्यालाही दिला आणि पुस्तक मात्र बंद करून दिले.

रस्त्यावरून कायद्यात

भारतातले हक्क कोणी दान म्हणून दिलेले नाहीत. मार्च १९८० मध्ये दिल्लीत रोजगार मागणाऱ्या अंध निदर्शकांवर पोलिसांनी लाठीमार केला. १९९५ च्या डिसेंबरमध्ये जावेद आबिदी आणि त्यांचे सहकारी दिल्लीच्या रस्त्यावर उतरले आणि त्याच महिन्यात संसदेने अपंग व्यक्तींसाठीचा पहिला सर्वंकष कायदा मंजूर केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू झाले होते. त्या कायद्यात वेबसाइटचा विचारच नव्हता.

संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार स्वीकारला, भारताने २००७ मध्ये त्याला मान्यता दिली. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन पुस्तके अपंगांना वाचता येतील अशा स्वरूपात आणायला मुभा मिळाली. छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वांत आधी मान्यता देणारा देश भारत होता. २०१६ च्या अपंग व्यक्ती हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले. त्यातले कलम ४२ माहिती आणि संपर्क तंत्रज्ञान सुगम्य करण्याबद्दल आहे, आणि कलम ४६ ने सेवा देणाऱ्यांना त्यासाठी नियम आल्यापासून दोन वर्षांची मुदत दिली.

म्हणजे ठराव झाला. आणि पाणी?

राजीव रातुरी या दृष्टिहीन नागरिकाने २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने निर्देश दिले. ते पाळले गेले नाहीत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला सांगावे लागले की सरकारने केलेला सुगम्यतेचा नियम १५ हा नुसत्या शिफारशींसारखा आहे आणि मूळ कायद्याशी विसंगत आहे; तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा. पुढे ३० एप्रिल २०२५ रोजी प्रज्ञा प्रसून खटल्याचा निकाल आला. याचिकाकर्त्या अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या. बँकेच्या डिजिटल ओळख पडताळणीत डोळ्यांची उघडझाप करा असे सांगितले जाई आणि ते त्यांना शक्य नव्हते. न्यायालयाने म्हटले की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हा निकाल आपण प्रत्येक अभ्यासवर्गात वाचला पाहिजे. कारण आज शिष्यवृत्ती, रेशन, जातीचा दाखला, परीक्षेचा अर्ज, सगळे पडद्याआड गेले आहे. मी स्वतः एका विद्यार्थिनीसोबत शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बसले होते. तिला खूप कमी दिसते. पोर्टलवर वाकडीतिकडी अक्षरे ओळखून भरायची होती, ऐकण्याची सोय नव्हती. तिने शेवटी पासवर्ड मला सांगितला. तिने पासवर्ड सांगितला म्हणजे तिने आपले खासगीपण दिले. दलित, मुलगी आणि अपंग, तिन्ही ओझी एका वेळी.

कर्म, 'दिव्य' आणि आकडा

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या, लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हे प्रमाण २.४५ टक्के होते, म्हणजे सरासरीहून जास्त. यात नवल नाही. कुपोषण, धोक्याची कामे, वेळेवर न मिळालेला डॉक्टर, यांचा हिशेब शरीरावरच लिहिला जातो. तेव्हा 'अपंगांचा प्रश्न वेगळा, आपला वेगळा' हे म्हणणे आकड्यातही बसत नाही.

विचारातही बसत नाही. अपंग मूल जन्मले की शेजारीपाजारी काय म्हणतात? मागच्या जन्मीचे भोग. हेच वाक्य शतकानुशतके आपल्याबद्दल म्हटले गेले. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मागील जन्माच्या कर्मावर या जन्मीचे दुःख ढकलणारा सिद्धांत नाकारला, कारण त्यात समाजाची आणि राज्याची जबाबदारी पुसली जाते. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात अपंग मुलाकडे पाहून आजही 'भोग' हा शब्द निघत असेल, तर दीक्षा अजून पूर्ण व्हायची आहे.

नावाचेही तसेच. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात 'हरिजन' या नावाला विरोध करत बाबासाहेब आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभागृहाबाहेर पडले होते. गोड नाव देऊन हक्काचा प्रश्न मिटत नाही, हे त्यामागचे म्हणणे. २०१५ पासून 'दिव्यांग' शब्द आला. काहींना तो आवडतो, अनेक अपंग कार्यकर्त्यांना तो नको आहे. या लेखात मी 'अपंग' म्हणते आहे. ज्याला जे नाव हवे ते त्याने सांगावे. आपण मात्र 'दिव्य' म्हणून हात जोडण्यापेक्षा पोस्टरमधला मजकूर टाइप करावा.

"आपल्याकडे अंध वाचक आहेत तरी किती?"

हा आक्षेप मला आमच्याच बैठकीत ऐकायला मिळाला. आधी लोक येऊ देत, मग सोय करू. मित्रांनो, महाडच्या तळ्यावर १९२७ पूर्वी अस्पृश्य दिसत नव्हते. म्हणून त्यांना तहान नव्हती का? जिथे येताच येत नाही तिथे माणसे मोजून काय कळणार?

दुसरा आक्षेप: आपल्याकडे पैसा नाही, माणसे नाहीत. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते, कारण आपले बहुतेक ग्रुप नोकरी सांभाळून चालवले जातात. पण खालच्या यादीत जवळजवळ कशालाच पैसा लागत नाही. लागते ती सवय.

१. पोस्टर पाठवले की त्यातला मजकूर खाली टाइप करा. फेसबुक, इन्स्टाग्रामवर चित्राचे वर्णन लिहायची सोय आहे, ती वापरा. 'फोटो' न लिहिता चित्रात काय आहे ते एका वाक्यात लिहा.

२. युनिकोडमध्येच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर असेल तर बदलून घ्या आणि कोणीतरी तो एकदा वाचून तपासा, कारण बदलताना जोडाक्षरे बिघडतात.

३. स्कॅन केलेली पुस्तिका तशीच पाठवू नका. गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली की मराठी मजकूर बऱ्यापैकी सुटा होतो. उरलेल्या चुका वाटून घेऊन दुरुस्त करा. महिन्याला एक पुस्तिका झाली तरी वर्षाला बारा होतात.

४. लांब लेखात शीर्षकांना शीर्षकाचीच शैली द्या, नुसती अक्षरे जाड करू नका. स्क्रीन रीडर वापरणारा शीर्षकांवरून उड्या मारत वाचतो. लिंकवर 'इथे क्लिक करा' लिहू नका, ती कुठे नेते ते लिहा.

५. भाषणाच्या व्हिडिओला उपशीर्षके द्या आणि ती माणसाने तपासलेली असू द्या. मोठ्या कार्यक्रमाला सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलवा, त्याचे मानधन मंडपाच्या खर्चात धरा.

६. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या रंगात फरक ठेवा, किमान ४.५ ला १. गडद निळ्यावर पांढरे छान दिसते, पांढऱ्यावर पिवळे कमी दिसणाऱ्याला दिसतच नाही.

७. 'जय भीम'च्या पुढे वीस निळी हृदये टाकू नका. स्क्रीन रीडर एकेकाचे नाव घेत बसतो. एक पुरे.

८. आणि सर्वांत महत्त्वाचे, हे सगळे बरोबर झाले की नाही ते अपंग साथीलाच विचारा. त्याला फक्त तपासनीस करू नका, संपादक करा.

शेवटी

आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत मधुमेहाने बाबासाहेबांचे शरीर खचले होते, दृष्टीही अधू होत चालली होती. तरी लिहिणे थांबले नाही. नानकचंद रत्तू टंकलेखन करत राहिले. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' प्रकाशित झाला. त्या ग्रंथामागे रत्तूंचे ते काम आहे. आज आपल्याला रात्र रात्र जागायचे नाही, पोस्टरखाली चार ओळी टाइप करायच्या आहेत.

आमच्या वर्गात आता नियम आहे. मजकुराशिवाय पोस्टर पडले की तो मुलगा ग्रुपवर एवढेच लिहितो: "पाणी कुठे आहे?" सुरुवातीला लोक चिडले. आता पोस्टर टाकणाराच आधी मजकूर टाकतो. परवा त्याने पहिल्यांदा ग्रुपमधल्या एका पोस्टशी वाद घातला. तारीख चुकली आहे, असे त्याचे म्हणणे होते. तपासून पाहिले, त्याचेच बरोबर निघाले.

आज रात्री एक करा. आपल्या फोनमधले टॉकबॅक चालू करा, डोळे मिटा आणि आपलाच ग्रुप पाच मिनिटे ऐका. जे ऐकू येईल त्यावर उद्याच्या बैठकीत बोला.

जय भीम! नमो बुद्धाय!